हजेरीपटावरची सिसिलिया

दुसरीच्या नावापुढे सही ठोकून केरिन हॉलिसच्या पदरात काय पडत होतं, ते आधी मांडून टाकू, म्हणजे पुढे कुणी तिला हावरी म्हणायला नको. शाळा सुटल्यावर पोराला तासभर तिथेच सांभाळून घ्यायचं तर बत्तीस डॉलर. असे आठवड्याचे चार दिवस, म्हणजे पंधरवड्याचे दोनशे छप्पन्न. भत्त्यातून घरभाडं वजा जाता तिच्या हातात पंधरवड्याला उरत दोनशे दहा, आणि त्यात वीज, दूध, पेट्रोल आणि सात वर्षांच्या रूबेनचे दर तीन महिन्यांनी आखूड होणारे बूट. दोनशे दहातून दोनशे छप्पन्न वजा कसे करायचे, हे एजन्सीतल्या एकाही माणसाला सांगता आलं नव्हतं. केरिनला एकच उत्तर सापडलं होतं, आणि त्याला लागे एक निळं बॉलपेन आणि चार सेकंद.

भत्ता कशाचा, तर एकटीने पोर वाढवण्याचा. मूल सहा वर्षांचं झालं की सरकारला वाटू लागतं, ही बाई आता रिकामी बसणार. मग तिला कामाची सवय लागावी म्हणून एका एजन्सीच्या हवाली करतात, आणि एजन्सी तिला कुठेतरी फुकट कामाला जुंपते. अगदीच फुकट म्हणता येणार नाही; पंधरवड्याला वीस डॉलर प्रवासखर्च मिळतो. केरिनच्या खटारा गाडीला तेवढ्या दिवसांत पन्नासचं पेट्रोल लागे. म्हणजे फुकट काम करायला ती पदरचे तीस डॉलर मोजत होती, पण असल्या वजाबाक्या कुणी विचारत नाही.

काम होतं ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युरा गावाबाहेर, एका धर्मादाय संस्थेच्या पत्र्याच्या गोदामात. लोकांनी दान केलेल्या कपड्यांच्या पिशव्या फोडायच्या, विकण्याजोगं एकीकडे, चिंध्या दुसरीकडे. दान करणाऱ्याचं मन किती मोठं असतं ते बघायचं तर त्याची पिशवी फोडावी. केरिनला एकदा त्यात अर्धं खाल्लेलं सँडविच मिळालं होतं. वेळ सकाळी दहा ते साडेतीन. आणि शाळा सुटे तीन वाजून दहा मिनिटांनी.

"मला तीनला सोडलंत तर मी धावतपळत पोचेन," केरिनने सुरुवातीलाच एजन्सीत विचारलं होतं.

"केरिन, तुझी अडचण मला अगदी कळते," ब्रायनी म्हणाली. ब्रायनी एजन्सीची, वय सव्वीस, पोरबाळ नाही, आवाज मधात बुडवलेला. "पण वेळा मी नाही ठरवत, सिस्टीम ठरवते. आणि खरं सांगू? उद्या खरी नोकरी लागली तर तिथला साहेब तुला तीनला सोडणार आहे का?"

"खरी नोकरी लागली तर पगार मिळेल ना. त्यातून देईन की बत्तीस डॉलर."

"बघ, हेच! हा दृष्टिकोनच बदलायचाय आपल्याला."

दृष्टिकोन काही बदलला नाही, पण सिसिलिया भेटली. सिसिलिया ताउफाचे आईबाप टोंगा बेटांवरून द्राक्षं तोडायला आलेले, ती स्वतः इथलीच, हसली की पत्रे वाजत. तिच्या दोन मुली रूबेनच्याच शाळेत होत्या आणि नवरा कुठल्या शाळेत गेला होता ते कुणाला ठाऊक नव्हतं. पिशव्यांच्या ढिगावर बसून तिनेच तोड काढली.

"दोघींनी कशाला जायचं गं? एकीने पावणेतीनला सटकायचं, तिन्ही पोरं आणायची. दुसरीने थांबायचं आणि जाताना दोघींच्या सह्या करायच्या. दाखव बघू तुझी सही. अय्यो, ही तर पहिलीतल्या पोराची आहे!"

"आणि तुझी म्हणजे कोंबडीने पाय पुसलेत कागदावर."

"मग सराव कर कोंबडीचा. आणि कुणी विचारलंच, तर मी टॉयलेटला. तू असशील तर तू टॉयलेटला. बाई टॉयलेटला गेलीय म्हटल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही."

खरंच कुणी विचारत नसे. विचारणारा होताच मुळी एक, लिंडसे कूम्ब. शहात्तर वर्षांचा हा म्हातारा गोदाम सांभाळी, तोही बिनपगारी. फरक एवढाच की तो आपखुशीने येई. बायकांच्या बाबतीत पोरासारखा लाजरा. "टॉयलेटला" म्हटलं की कान लाल करून दुसरीकडे बघे. पण महिन्याच्या हजेरीच्या कागदाला तो धर्मग्रंथासारखा जपे. आल्याची सही, गेल्याची सही, आणि साडेतीनच्या ठोक्याला कागदाचा फोटो एजन्सीला. सही नाही म्हणजे माणूस नाही. माणूस नाही म्हणजे भत्ता बंद, आपोआप, कुणी बोटही न उचलता.

ते आपोआप कसं असतं, ते केरिनने ऑक्टोबरात पाहिलं होतं. त्या वेळी तर ती हजर होती, सहीही खरी होती. फोटो धुरकट आला एवढंच. फोनवर निरोप आला: तुमचा भत्ता थांबवण्यात आला आहे. चूक निस्तरायला नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत ती रूबेनपुढे ताट ठेवायची आणि म्हणायची, मी गोदामात जेवले रे. भाडं पाच दिवस उशिरा गेलं. घराच्या दलालाचं पत्र आलं: पुन्हा असं झाल्यास घर रिकामं करावं लागेल. ते पत्र तिने फ्रिजच्या दारावर लावलं, आणि रूबेन वाचायला शिकू लागला तसं काढून कपाटात ठेवलं. गावात भाड्याचं एक घर निघालं की ते बघायला साठ माणसं रांगेत उभी राहतात. त्या रांगेत सात वर्षांच्या पोराला घेऊन उभी असलेली, नोटीस मिळालेली बाई कितव्या नंबरवर असेल, हा हिशोब केरिन रोज करी. तेव्हापासून फोन ती पालथा ठेवी, आणि पालथ्या फोनकडे दर दोन मिनिटांनी बघे.

फेब्रुवारीतला गुरुवार होता तो. बाहेर चव्वेचाळीस, आत पत्र्याखाली किती ते देव जाणे. गुरुवार सिसिलियाचा, ती पावणेतीनला मागच्या दाराने गेली. पुढच्या बुधवारी भाडं द्यायचं होतं आणि या वेळी पैसे बरोबर पुरत होते, दोन डॉलरही उरत होते. केरिन त्या दोन डॉलरची स्वप्नं बघत शर्टांच्या घड्या घालत होती, तेवढ्यात पुढच्या दारातून मध टपकला.

"हॅलो, हॅलो! मी आपली सहज डोकावले."

ब्रायनी. हातात टॅब्लेट, गळ्यात ओळखपत्र. घड्याळात तीनला पाच कमी.

केरिनच्या हातातला शर्ट तीनदा घडी होऊन तीनदा उलगडला. ब्रायनीने लिंडसेचा कागद उचलला, नावांवरून बोट फिरवलं.

"केरिन, सिसिलिया. वा, दोघी आहात. आमच्या पत्रिकेसाठी मला तुम्हा दोघींचा फोटो हवाय. 'कामातून आत्मविश्वास', असं काहीतरी. कुठेय ती?"

"टॉयलेटला," केरिन म्हणाली. जीभ इतकी सरावली होती की शब्द आपला आपणच बाहेर आला.

"थांबते मी," ब्रायनी म्हणाली आणि एका दान केलेल्या खुर्चीत बसली.

थांबते! केरिनने टेबलाखाली फोन धरून निरोप लिहिला: ती आलीय, लगेच ये. पण सिसिलिया शाळेच्या फाटकाशी असणार, पोरं बाहेर पडायची होती, यायला साडेतीन तरी वाजणार. एक बाई टॉयलेटमध्ये किती वेळ बसू शकते? दहा मिनिटं, पोट बिघडलं असेल तर पंधरा. केरिनने मनात सिसिलियाचं पोट बिघडवलं.

"बरी आहे ना ती?" तीन वाजून चार मिनिटांनी ब्रायनीने विचारलं. "मी बघून येऊ का?"

"नको!" केरिन जवळजवळ ओरडली. "म्हणजे... तिचं पोट बिघडलंय. सकाळपासून जा-ये चालू आहे. तुम्ही गेलात तर ती लाजेल."

"अगं, तुम्ही काय म्हणतेस मला, मी लहान आहे तुझ्याहून."

लहान खरी. पण जिच्या बोटाशी आपलं घर टांगलंय तिला अगं-तुगं करायला जीभ वळत नाही. केरिनच्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला, तो थंडगार होता. तिला वाटलं, आता यातून सुटायचं तर काहीतरी घडायला हवं. काहीही.

पाच मिनिटांनी घडलं. जुन्या वस्तूंच्या कप्प्यात कुणीतरी दिलेला बॅटरीवरचा, धूळ ओढणारा झाडू चार्जिंगला लावला होता, तो फटाक्यासारखा उडाला. शेजारी चिंध्यांचे गठ्ठे. आधी प्लॅस्टिक जळल्याचा वास आला, मग पत्र्याच्या छताखाली काळा पट्टा धावत गेला, मग लिंडसेचा आवाज: "सगळे बाहेर! पिशव्या सोडा! बाहेर!"

अंगणात एक मोठं झाड आहे, त्याच्या सावलीत सगळे जमले. सात-आठ माणसं, खोकणारी, एकमेकांकडे बघणारी. कुणीतरी अग्निशमन दलाला फोन लावत होतं. लिंडसेने पिवळं जाकीट चढवलं होतं आणि हातात तोच कागद होता. आग लागली की हजेरीचाच कागद मोजदादीला घ्यायचा, हा तिथला नियम. कागदावर जितकी नावं, झाडाखाली तितकी डोकी हवीत. भत्त्यासाठी केलेल्या सहीचं हे दुसरंही काम असतं, हे त्या दोघींपैकी एकीच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं.

"केरिन."

"आहे."

आणखी दोन नावं. दोन हुंकार. मग:

"सिसिलिया."

पत्रा कडकडला.

"सिसिलिया! कुठेय ती?"

केरिनने तोंड उघडलं. पण तिच्याआधी ब्रायनीच बोलली, तोंडावर हात घेऊन. "अरे देवा. ती टॉयलेटला आहे. केरिन, तूच म्हणालीस ना? तिला बरं नाहीये!"

सगळे केरिनकडे बघू लागले. लिंडसेसुद्धा. त्याने फक्त भुवई उडवली, खरं का?

आणि केरिनने मान हलवली नाही, ना नाही म्हणून, ना हो म्हणून. ती नुसती उभी राहिली. लिंडसेने कागद ब्रायनीच्या हातात कोंबला, नळाखाली रुमाल भिजवला, तोंडावर धरला आणि बाजूच्या दारातून आत गेला. शहात्तर वर्षांचा म्हातारा, इतक्या झटपट चालताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

पुढे केरिनने हे कितीदा तरी मोजलं. दार लागल्यापासून ती बोलेपर्यंत तिने अकरा श्वास घेतले.

पहिल्या श्वासात तिला बुधवार दिसला. दुसऱ्यात कपाटातलं पत्र. मग सिसिलियाच्या दोन मुली दिसल्या, त्यांच्या आईचाही भत्ता जाणार. मग ब्रायनीच्या हातातला कागद, त्यावरच्या सगळ्या गुरुवारच्या कोंबड्या. मग ती स्वतःला समजावू लागली. तो जाईल, टॉयलेट उघडून बघेल, आत कुणी नाही म्हणून वळेल. किती लागेल, अर्धं मिनिट. येऊन म्हणेल, तिथे नाही ती. तोवर सिसिलिया येईलच, म्हणेल मी मागच्या दाराने निघाले होते. सगळं आपोआप मिटेल. आठवा श्वास, नववा. म्हातारा काही आला नाही. दाराच्या फटीतून येणारा धूर आधी राखाडी होता, तो काळा झाला. दहावा, अकरावा.

"ती आत नाहीये!" केरिन किंचाळली. "कुणी नाहीये आत! ती पावणेतीनलाच गेली, पोरांना आणायला! तिच्या सह्या मी करते! लिंडसे! लिंडसे, बाहेर ये, आत कुणी नाहीये रे!"

ती दाराकडे धावली. हँडल इतकं तापलं होतं की तळहाताची साल निघाली. दार उघडलं तर समोर भिंत, धुराची. तिने दोन पावलं टाकली, दिसेना, श्वास ओढला तर घशात सुई टोचल्यासारखं झालं. "म्हाताऱ्या, बाहेर ये!" मागून कुणीतरी तिच्या शर्टाला धरून तिला ओढलं. आतून ठक ठक असा आवाज येत होता. कुणीतरी काहीतरी बडवत होतं. मग तो आवाज थांबला.

बंब आला. लाल गाडीमागून सिसिलियाची निळी गाडी आत शिरली, मागच्या काचेला तीन पोरांची नाकं चिकटलेली, हातांत आइसकांड्या. सिसिलिया उतरली, धूर बघून तिचे डोळे विस्फारले.

"सगळे बाहेर आहेत ना? केरिन? सगळे आहेत ना गं?"

केरिनने धुराने भरलेल्या दाराकडे बोट केलं. रूबेन गाडीतून म्हणाला, "आई, तुझा हात बघ." ब्रायनी एकदा सिसिलियाकडे, एकदा कागदाकडे बघत होती.

लिंडसेला त्यांनी बाहेर काढलं ते बायकांच्या टॉयलेटमधून. तिथे तीन खण आहेत. तिसऱ्याचं दार दोन वर्षांपासून आतून अडकलेलं. गोदामातल्या प्रत्येक बाईला ते माहीत, म्हणून तिकडे कुणी जात नसे. लिंडसेला माहीत असायचं कारण नव्हतं. त्या लाजऱ्या माणसाने बायकांच्या टॉयलेटमध्ये आजवर पाऊल ठेवलं नव्हतं. दोन खण रिकामे, तिसरं दार बंद, हाक मारली तर उत्तर नाही. त्याने काय समजावं? खांद्याने ते दार तो अर्धं उखडत आणून तिथेच कोसळला होता.

तो वाचला. त्याला विमानाने मेलबर्नला नेलं, सहा आठवडे तिथल्या इस्पितळात ठेवलं. मे महिन्यात केरिन त्याच्या घरी गेली. सिसिलियाने नारळाच्या दुधात शिजवलेले पाव दिले होते, ते घेऊन. फाटकाशी ती एवढा वेळ उभी राहिली की शेजारचा कुत्रा भुंकून दमला. आत लिंडसे आरामखुर्चीत, नाकात नळी, बाजूला घरघरणारं यंत्र. तीन शब्द बोलला की थांबायचा.

"दार ठोठावलं मी... खूप," तो म्हणाला. "वाटलं... बेशुद्ध पडलीय पोरगी."

"हो."

"ब्रायनी आली होती. म्हणाली... तू लगेच सांगितलंस. सगळ्यांसमोर. भत्ता जाईल... हे माहीत असून." तो श्वासासाठी थांबला. "धीर लागतो... त्याला."

लगेच. ब्रायनीच्या अहवालातही तोच शब्द होता: ताबडतोब. केरिनला वाटलं, सांगून टाकावं, अकरा श्वास होते. तिने म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. त्या तोंडावर तिच्याबद्दल कौतुक होतं, आणि सांगितलं तर ते जाणार. तिने पाव बशीत काढून त्याच्यापुढे ठेवले, अगदी त्या दिवशी शर्टांच्या घड्या घालत होती तशा हातांनी.

"खा," ती म्हणाली. "मऊ आहेत."

आता ताळेबंद. एजन्सीला दोघींना कामाला लावल्याचे पैसे आधीच मिळाले होते, ते कुणी परत मागितले नाहीत. दोघींच्या जागी नव्या दोघी आल्या, त्यांचे वेगळे मिळाले. संस्थेच्या गोदामाचा विमा होता, नवं गोदाम उभं राहतंय. सिसिलियाचा भत्ता आठ आठवडे बंद. ती मुलींना घेऊन काकाकडे गेली, तिथे सहा माणसांच्या घरात नऊ झाली. केरिनचा चार आठवडे बंद. घर गेलं, ती आणि रूबेन आता तिच्या बहिणीच्या गॅरेजमध्ये झोपतात, आणि रूबेनची शाळा बदलली. लिंडसेचा विमा नव्हता, बिनपगारी माणसाला संस्थेचा विमा पंच्याहत्तरीपर्यंतच लागू होता. मेलबर्नमध्ये त्याच्यापाशी राहायला घेतलेल्या सहा आठवड्यांच्या खोलीचं भाडं द्यायला त्याची बायको नॅन्सी हिने त्यांची फिरायची गाडी विकली, म्हातारपणी देश बघायला घेतलेली. उजवं फुप्फुस पुन्हा पुरतं भरणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. बाकी सगळ्या रकमा कुठल्या ना कुठल्या कागदावर आहेत. अकरा श्वास तेवढे कुठेच नाहीत, आणि ते भरले लिंडसेने.